चुंबकत्व आणि अतिसंवाहकता : मुंबईतील एका शोधाचा इतिहास

एम. ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना एक प्रश्न दरवर्षी निघतो. हस्तलिखितातील एखादा शब्द वा एखादी ओवी इतर प्रतींशी जुळत नसेल, तर ती लेखनिकाची चूक समजून वगळायची, की तिच्यातच मूळ पाठाची खूण असेल असे मानून तिच्यापाशी थांबायचे? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून हा प्रश्न मराठीत आहे. १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीची जुनी प्रत संपादून प्रसिद्ध केली, तेव्हा तो पुन्हा नव्याने उभा राहिला. शुद्ध म्हणजे काय आणि अशुद्ध म्हणजे काय, हे आधीच ठाऊक आहे असे समजून काम करणारा संपादक कधी कधी नेमके महत्त्वाचे तेच काढून टाकतो, असा इशारा आपण विद्यार्थ्यांना देतो; पण त्याचे चांगले उदाहरण देताना अडखळतो.

असे एक उदाहरण मला साहित्याच्या बाहेर सापडले, आणि तेही आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात. भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनी बोलता बोलता विचारले, ‘‘तुम्ही उपनगरात राहता, पवईवरून रोज जाता. १९९४ साली पवई आणि कुलाबा ह्या दोन पत्त्यांचा उल्लेख असलेल्या एका निबंधाने जगभरच्या प्रयोगशाळांना काही वर्षे पुरेल इतके काम दिले, हे ठाऊक आहे का?’’ ते ठाऊक नव्हते. पुढे जे वाचले आणि त्यांच्याकडून समजून घेतले, त्यातून हा लेख झाला. विषय पदार्थविज्ञानाचा असला तरी माझा प्रश्न इतिहासलेखनाचा आहे : नको म्हणून बाजूला ठेवलेल्या गोष्टीतून एका शास्त्रशाखेचा इतिहास कसा वळतो, आणि अशा वळणाची नोंद आपल्या भाषेत का राहत नाही.

२

प्रथम थोडी पूर्वपीठिका. शाळेत आपण सुवाहक आणि दुर्वाहक असे दोन शब्द शिकतो. तांबे सुवाहक, लाकूड दुर्वाहक. परंतु उत्तम सुवाहकातही विजेच्या प्रवाहाला थोडा रोध होतोच, आणि म्हणून तार तापते. १९०८ साली नेदरलंड्समधील लायडन येथे हायके कामरलिंग ओन्नेस यांनी हेलियम वायू द्रवरूप केला, आणि त्यामुळे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळचे तापमान माणसाच्या हाती आले. १९११ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत पारा थंड करताना असे दिसले, की सुमारे ४.२ केल्विनला, म्हणजे शून्याखाली २६९ अंश सेल्सियसच्या आसपास, त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा होतो. तो नुसता कमी झालेला नव्हता. मापनयंत्राला तो सापडतच नव्हता. ह्या अवस्थेला मराठीत अतिसंवाहकता म्हणतात.

पुढची बावीस वर्षे ह्या घटनेकडे ‘रोध नसलेला पदार्थ’ एवढ्याच दृष्टीने पाहिले गेले. १९३३ मध्ये वाल्टर माइसनर आणि रॉबर्ट ओक्सनफेल्ड ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवले, की अतिसंवाहक पदार्थ आपल्या अंतर्भागातून चुंबकीय क्षेत्र बाहेर घालवतो. चुंबक जवळ नेला तर तो त्याला दूर लोटतो. येथे महत्त्वाचा मुद्दा असा, की चुंबकत्वाशी असलेले हे वैर अतिसंवाहकतेचा एक जादा गुण म्हणून मोजले गेले नाही. ते तिच्या व्याख्येतच आले. क्षेत्र फार प्रबळ झाले, तर उलट अतिसंवाहकताच मोडते. दोघांपैकी एकच घरात राहील, असा हा करार होता.

ह्या कराराचे कारण १९५७ मध्ये समजले. जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रिफर यांनी मांडलेल्या सिद्धान्तानुसार अतिसंवाहक पदार्थातील इलेक्ट्रॉन एकेकटे न वाहता जोडीने वाहतात. प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा अंगभूत गुण असतो. त्याची कल्पना एका अतिसूक्ष्म चुंबकसूचीसारखी करता येते. जोडीतील दोघांच्या सूच्या परस्परविरुद्ध दिशांना असतात : एकीचे तोंड वर, दुसरीचे खाली. साध्या लोहचुंबकात मात्र सगळ्या सूच्या एकाच दिशेला वळवण्याची ओढ असते. ती ओढ जोडीवर आली की जोडी तुटते. ह्या सिद्धान्तासाठी तिघांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रयोगाचा निवाडाही असाच होता. बर्न्ट मथायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये लँथॅनम ह्या अतिसंवाहक धातूत निरनिराळी विरल मृदा मूलद्रव्ये अगदी अल्प प्रमाणात मिसळून पाहिली. गॅडोलिनियमचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास गेले, तेवढ्यानेच अतिसंवाहकता नष्ट झाली. शंभरात एक अणू ‘अशुद्ध’ असला, तर उरलेल्या नव्याण्णवांचे संगीत थांबते, असा हा अनुभव होता. नवे अतिसंवाहक शोधू पाहणाऱ्यांत मथायस यांच्या नावाने काही नियम सांगितले जात, आणि चुंबकत्वापासून दूर राहा हा त्यांतलाच एक. लोह, कोबाल्ट आणि निकेल ही नावे त्यामुळे शोधाच्या वाटेवर सहसा येत नसत.

३

इतिहास मात्र नियम मोडणाऱ्या उदाहरणांनी पुढे सरकला. १९७० नंतरच्या दशकात असे पदार्थ तयार झाले, की ज्यांत चुंबकीय अणू अशुद्धी म्हणून इतस्ततः विखुरलेले नसून स्फटिकाच्या रचनेत ठरलेल्या जागी, नियमाने बसलेले होते. हा फरक निर्णायक ठरला. आगंतुक म्हणून आलेला चुंबकीय अणू जोडी मोडतो; पण रचनेतच स्थान मिळालेला, आणि आपले चुंबकत्व वाहत्या इलेक्ट्रॉनांपासून थोडे दूर राखणारा अणू तिच्या शेजारी नांदू शकतो.

१९७७ मध्ये अशा दोन पदार्थांची वर्तणूक प्रसिद्ध झाली. अर्बियम, ऱ्होडियम आणि बोरॉन यांचे एक संयुग सुमारे ८.७ केल्विनला अतिसंवाहक होई. परंतु ते आणखी थंड करून एका केल्विनच्या खाली नेले, की त्यात लोहचुंबकीय क्रम जागा होई आणि अतिसंवाहकता निघून जाई. होल्मियम, मॉलिब्डेनम आणि गंधक यांच्या संयुगातही तसेच आढळले. थंड करत जावे तशी अतिसंवाहकता यावी, आणि आणखी थंड केल्यावर तिने निरोप घ्यावा, हे दृश्य अपूर्व होते. ह्याच कुलांतील इतर संयुगांत मात्र वेगळा प्रकार दिसला. तेथे शेजारशेजारच्या चुंबकसूच्या आळीपाळीने वर-खाली होत्या. अशा क्रमाला प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात. इलेक्ट्रॉनांच्या जोडीचा विस्तार दोन अणूंमधील अंतराच्या अनेक पट असतो. तेवढ्या विस्तारात वरच्या आणि खालच्या सूच्यांची बेरीज शून्य होते. जोडीला चुंबकत्व जाणवतच नाही म्हटले तरी चालेल. सहअस्तित्वाचे कारण एवढे साधे होते. दोघांत समेट झालेला नव्हता. हिशेब जुळला होता.

१९७९ मध्ये फ्रांक श्टेग्लिश यांच्या गटाला सिरियम, तांबे आणि सिलिकॉन यांच्या संयुगात, अर्ध्या केल्विनच्या किंचित वर, अतिसंवाहकता आढळली. ज्या सिरियमच्या अणूंनी ती मोडावी अशी अपेक्षा होती, तेच येथे तिला आवश्यक होते. १९८६ मध्ये योहानेस गेओर्ग बेड्नोर्ट्स आणि कार्ल अलेक्स म्यूलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांतील अतिसंवाहकता शोधली. पुढच्याच वर्षी ती ९० केल्विनच्या पलीकडे गेली, म्हणजे महाग हेलियमऐवजी द्रव नायट्रोजनने काम भागू लागले. ह्या ऑक्साइडांचे मूळ, अतिसंवाहक नसलेले रूप प्रतिलोहचुंबक होते. चुंबकत्व हा केवळ शत्रू नसून कदाचित जोडी जुळवणाराही तोच असेल, असा विचार आता गंभीरपणे होऊ लागला. अशा पदार्थांना ‘अपारंपरिक अतिसंवाहक’ म्हणतात, आणि त्यांतील जोडी नेमकी कशाने जुळते ह्याविषयी सर्वमान्य उत्तर अजून मिळालेले नाही.

१९८७ नंतर भारतातल्या बहुतेक पदार्थविज्ञान प्रयोगशाळांनी साहजिकच ऑक्साइडांकडे धाव घेतली. त्याच काळात मुंबईत एक जुने, कमी झगमगाटाचे कामही चालू होते : धातूंच्या संयुगांतील चुंबकत्वाचा अभ्यास. आपली कथा तेथून सुरू होते.

४

टाटा मूलभूत संशोधन संस्था होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केली. कुलाब्याच्या टोकावर समुद्राला लागून असलेल्या तिच्या इमारतीचे उद्‌घाटन १९६२ मध्ये झाले. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला ही संस्था बहुधा जयंत नारळीकर यांच्यामुळे माहीत असते. ते १९७२ मध्ये केंब्रिजहून येथे आले आणि विज्ञानकथा लिहू लागले ते ह्याच काळात. पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५८ ची. तेव्हा पवई म्हणजे मुंबईच्या बाहेरचा तलाव आणि टेकड्या. आज कांजूरमार्गहून किंवा अंधेरीहून तेथे जाताना हे खरे वाटत नाही. एक संस्था शहराच्या दक्षिण टोकाला, दुसरी उपनगरात. एकीकडे अतिशीत तापमानाची यंत्रसामग्री आणि चुंबकत्वाच्या अभ्यासाची दीर्घ परंपरा, दुसरीकडे भौतिकशास्त्र विभागातील प्राध्यापक बी. डी. पडालिया आणि संशोधन करणारे विद्यार्थी. ज्या निबंधाविषयी आपण बोलत आहोत, तो ह्या दोन्ही ठिकाणच्या सहकार्यातून झाला.

कुलाब्याच्या गटात आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, एस. के. धर, के. व्ही. गोपालकृष्णन, आर. विजयराघवन हे शास्त्रज्ञ होते. चंदन मजुमदार आणि झाकिर होसेन हे तरुण संशोधक ह्या कामात होते. अभ्यासविषय होता एका विरल मृदा मूलद्रव्याचा एक, निकेलचे चार आणि बोरॉनचा एक अणू अशा प्रमाणातील संयुगांचे चुंबकत्व. येथे कामाची पद्धत समजून घेतली पाहिजे, कारण सगळी कथा तिच्यावर उभी आहे. चुंबकीय संयुगांची मालिका अभ्यासताना त्याच घडणीचे, पण चुंबकीय नसलेले एक संयुग तुलनेसाठी बनवण्याची रीत असते. विरल मृदा मूलद्रव्याच्या जागी यिट्रियम घातले, की असे संयुग मिळते. त्याच्याकडून काहीही घडण्याची अपेक्षा नसते. किंबहुना काही घडत नाही म्हणूनच ते उपयोगी. त्याची मोजमापे चुंबकीय संयुगांच्या मोजमापांतून वजा केली, की चुंबकत्वाचा वाटा तेवढा शिल्लक राहतो. आपल्या भाषेत सांगायचे, तर ही ताडून पाहण्यासाठी ठेवलेली प्रत.

ह्याच प्रतीत विपरीत पाठ सापडला. यिट्रियम, निकेल आणि बोरॉनच्या त्या नमुन्यात १२ केल्विनच्या सुमारास अतिसंवाहकतेची खूण दिसली. खूण क्षीण होती. संपूर्ण नमुना अतिसंवाहक झालेला नव्हता. त्याच्या आत कोठेतरी, मुख्य संयुगाहून निराळा असा काही अल्प भाग तसा झाला असावा, एवढेच म्हणता येत होते. प्रयोगशाळेच्या नेहमीच्या भाषेत अशा भागाला अशुद्धीच म्हणतात. शिवाय नमुन्यात निकेल होते, आणि निकेलच्या वाटेला जाऊ नये असे परंपरा सांगत होती. नमुना बिघडला असे म्हणून नवा बनवणे, किंवा त्या खुणेकडे दुर्लक्ष करून वजाबाकी पुरी करणे, ह्या दोन्ही वाटा खुल्या होत्या. दोन्ही वाटा सन्मान्यही होत्या. कोणी नावे ठेवली नसती.

गटाने तिसरी वाट घेतली. अशुद्धी हाच विषय केला. १९९३ मध्ये ‘सॉलिड स्टेट कम्युनिकेशन्स’ ह्या नियतकालिकात ह्या १२ केल्विनच्या अतिसंवाहकतेची नोंद प्रसिद्ध झाली. पुढचा शोध असा, की ह्या अतिसंवाहकतेचा कर्ता नमुन्याच्या सूत्रात नावही नसलेले चौथे मूलद्रव्य आहे : कार्बन. तो हेतुपुरस्सर, अगदी थोड्या प्रमाणात घातला, की क्षीण खूण ठळक होते आणि अतिसंवाहकता नमुन्याच्या मोठ्या भागात पसरते. १० जानेवारी १९९४ च्या ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये यिट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन ह्या चतुर्घटकी मिश्रधातूविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. फ्रान्समधील सी. गोदार हेही त्याचे सहलेखक होते. निबंधावर शहराचे नाव अर्थात ‘बॉम्बे’ असे आहे. ते अधिकृतपणे बदलायला आणखी एक वर्ष जायचे होते.

५

त्याच महिन्यात ‘नेचर’ ह्या साप्ताहिकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या रॉबर्ट काव्हा आणि सहकाऱ्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. निकेलच्या जागी पॅलेडियम घेतलेल्या अशाच चतुर्घटकी पदार्थात त्यांना २३ केल्विनला अतिसंवाहकता मिळाली. धातूंच्या संयुगांत १९७३ पासून निओबियम आणि जर्मेनियमच्या संयुगाचा जो २३ केल्विनचा विक्रम अबाधित होता, त्याच्याशी ही बरोबरी होती. त्यांनीच निकेलच्या कुलातील शुद्ध संयुग वेगळे काढले. एक विरल मृदा अणू, दोन निकेल, दोन बोरॉन, एक कार्बन, असे त्याचे सूत्र ठरले, आणि स्फटिकरचनाही उलगडली. विरल मृदा मूलद्रव्य व कार्बन यांचे थर आणि निकेल व बोरॉन यांचे थर त्यात एकाआड एक रचलेले आहेत. मुंबईच्या नमुन्यात जो अल्प भाग अतिसंवाहक होत होता, तो हाच. शुद्ध रूपात यिट्रियमच्या संयुगाची अतिसंवाहकता सुमारे १५.५ केल्विनला सुरू होते.

मग हा शोध कोणाचा? आपल्या अभ्यासक्षेत्रातही हा वाद नवा नाही. मराठीतील पहिली कादंबरी कोणती ह्या प्रश्नाला बाबा पदमनजी यांच्या १८५७ च्या ‘यमुनापर्यटना’चे नाव घेऊन उत्तर देता येते, पण ‘कादंबरी’ कशाला म्हणायचे हे ठरवल्यावाचून ते उत्तर पुरे होत नाही. येथेही तसेच आहे. ह्या कुलात अतिसंवाहकता आहे आणि तिला चौथे मूलद्रव्य लागते, हे प्रथम मुंबईने सांगितले. त्या कुलाचे शुद्ध संयुग कोणते आणि त्याची रचना कशी, हे न्यू जर्सीने सांगितले. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. पहिले वाक्य गाळून इतिहास लिहिणे हा अन्याय, आणि दुसरे गाळून लिहिणे हा नुसता अभिमान. विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे विज्ञानाचा इतिहास बहुधा ह्या दोन टोकांवरच लिहिला जातो.

६

बोरोकार्बाइडांचे महत्त्व तापमानाच्या आकड्यात नव्हते. तांब्याच्या ऑक्साइडांनी तो खेळ केव्हाच मागे टाकला होता. महत्त्व ह्यात होते, की चुंबकत्व आणि अतिसंवाहकता यांचा संबंध तपासायला इतके सोयीचे कुल त्यापूर्वी मिळाले नव्हते. आधीच्या कुलांत चुंबकीय क्रम बहुधा एका केल्विनच्या आगेमागे जागा होई. येथे तो अतिसंवाहकतेच्या बरोबरीच्या तापमानाला येत होता. दोघे तुल्यबळ होते. आणि रचना तीच ठेवून विरल मृदा मूलद्रव्य तेवढे बदलत जाता येत होते, जसे एकाच वृत्तात शब्द बदलत जावेत.

ल्युटेशियमला चुंबकत्व नाही. त्याचे संयुग १६.५ केल्विनच्या सुमारास अतिसंवाहक होते. थुलियमचे सुमारे ११ केल्विनला, अर्बियमचे साडेदहाच्या आसपास, होल्मियमचे आठला, डिस्प्रोसियमचे सहाला. टर्बियम आणि गॅडोलिनियम यांच्या संयुगांत अतिसंवाहकता आढळत नाही. तेथे केवळ चुंबकत्वाचे राज्य. अणूच्या स्पिनचा प्रभाव जसजसा वाढतो, तसतसे अतिसंवाहकतेचे तापमान पायरी-पायरीने उतरते. लँथॅनममध्ये गॅडोलिनियम मिसळून मथायस यांनी १९५८ मध्ये जे पाहिले, त्याचाच हा सुव्यवस्थित, मोजून दाखवलेला विस्तार आहे. जुना नियम खोटा ठरला नाही. त्याच्या मर्यादा कळल्या.

ह्या मालिकेतील दोन संयुगांपाशी थोडे थांबावेसे वाटते. होल्मियमचे संयुग आठ केल्विनला अतिसंवाहक होते. सहा ते पाच केल्विनच्या दरम्यान त्यातील चुंबकसूच्या एका थराकडून दुसऱ्या थराकडे जाताना थोड्या थोड्या वळत जातात. नागमोडी जिन्यासारखा क्रम तयार होतो. हा क्रम अतिसंवाहकतेला मानवत नाही. ती कोमेजते, आणि बाहेरून थोडे चुंबकीय क्षेत्र लावले तर नाहीशीही होते. पाच केल्विनच्या खाली तोच क्रम बदलून साधा, एकाआड एक वर-खाली असा होतो, आणि अतिसंवाहकता परत येते. म्हणजे प्रश्न चुंबकत्व आहे की नाही एवढाच नव्हता. ते कोणत्या क्रमाने मांडले आहे, हा होता. तेच अणू, तेच चुंबकत्व. मांडणी बदलली आणि परिणाम उलटा झाला.

डिस्प्रोसियमच्या संयुगात ह्याहून वेगळे घडते. तेथे चुंबकीय क्रम दहा केल्विनच्या वरच स्थिर होतो, आणि नंतर, सहाच्या सुमारास, त्याच्या आत अतिसंवाहकता जन्म घेते. तोवर बहुतेक उदाहरणांत अतिसंवाहकता आधी आणि चुंबकत्व मागाहून आलेले होते. येथे चुंबकत्वाने आधीच व्यापलेल्या घरात अतिसंवाहकतेने प्रवेश केला, आणि दोघांपैकी कोणीही बाहेर पडले नाही.

एक खुलासा येथे आवश्यक आहे. ह्या संयुगांतील निकेल, ज्याच्या नावाने संशोधक बिचकत, स्वतः चुंबकीय नसतो. ह्या रचनेत त्याचे चुंबकत्व मावळलेले असते. चुंबकत्व येते ते विरल मृदा अणूंच्या आतल्या कवचातील इलेक्ट्रॉनांकडून. आणि इलेक्ट्रॉनांची जोडी जुळवणारे कारण येथे बहुतांशी जुनेच, म्हणजे १९५७ च्या सिद्धान्तातील स्फटिकाची कंपने हेच, मानले जाते. ह्या अर्थाने बोरोकार्बाइड हे तांब्याच्या ऑक्साइडांसारखे पुरते अपारंपरिक नव्हेत. पुढच्या काळात चुंबकत्वाशी अधिक गाढ संबंध असलेले पदार्थ सापडले : २००० मध्ये युरेनियम आणि जर्मेनियमचे संयुग, ज्यात अतिसंवाहकता लोहचुंबकत्वाच्या आतच वास करते, आणि २००८ मध्ये हिदेओ होसोनो यांच्या गटाने शोधलेले लोहयुक्त अतिसंवाहक. लोहही अखेर वाटेवर आले. दरम्यान २००१ मध्ये जपानमध्ये मॅग्नेशियम आणि बोरॉन यांच्या साध्या संयुगात ३९ केल्विनची अतिसंवाहकता आढळली. मुंबईच्या शोधाने बोरॉनसारख्या हलक्या मूलद्रव्याच्या संयुगांकडे लक्ष पुन्हा वळवले होतेच.

७

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. हा इतिहास मुंबईत घडला. त्याचा मराठीतला मागमूस किती? मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करीत आहे. नारळीकरांच्या कथा आपण अभ्यासक्रमात शिकवतो, आणि २०२१ च्या नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एका वैज्ञानिकाला मिळाले ह्याचा आनंदही आपण मानला. तरीही आपल्या विज्ञानविषयक लेखनात दोनच प्रकार प्रबळ राहिले : आकाशाविषयीचे कुतूहल, आणि थोर शास्त्रज्ञांची चरित्रे. प्रयोगशाळेतील रोजचे काम, म्हणजे भट्टीत धातू वितळवणे, नमुना थंड करणे, आलेखातील नको असलेल्या वळणापाशी अडणे, ह्याला आपल्याकडे कथनाचा आकार मिळाला नाही. ह्या कामात एकच नायक नसतो, हेही एक कारण असेल. १९९४ च्या निबंधावर नऊ नावे आहेत. आपली चरित्रपरंपरा नऊ नावांचे काय करावे हे जाणत नाही.

हा दोष शास्त्रज्ञांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. त्यांनी आपल्या सहव्यावसायिकांसाठी लिहायचे ते लिहिले. इतिहास लिहिण्याची साधने, म्हणजे कोणता पाठ आधीचा, कोणता पुढचा, कोणी काय पाहिले आणि कोणी काय वगळले हे तपासण्याची रीत, आपल्या विभागांत शिकवली जाते. पवईच्या फाटकापासून तासाभराच्या अंतरावर मराठीचे कितीतरी पदव्युत्तर वर्ग भरतात. लघुप्रबंधासाठी विषय मिळत नाहीत अशी विद्यार्थ्यांची तक्रार असते. मुंबईतील प्रयोगशाळांचा मौखिक इतिहास हा असा एक विषय आहे, आणि तो फार काळ वाट पाहणार नाही. कारण आठवणी सांगणारी माणसे वयाने वाढत जातात.

८

लेख येथे संपवला असता तर त्याचे तात्पर्य सोपे झाले असते : अशुद्धीचा आदर करा, कारण तिच्यात शोध दडलेला असतो. परंतु त्याच संस्थेतील नंतरचे एक काम हे तात्पर्य इतक्या सहज काढू देत नाही. बिस्मथ हा धातू चुंबकीय क्षेत्राला दूर लोटण्यात सर्व साध्या धातूंत अग्रेसर. त्यात वाहते इलेक्ट्रॉन इतके थोडे, की साधारण एक लाख अणूंमागे एक. एवढ्या थोड्या इलेक्ट्रॉनांत जोड्या जुळणे प्रचलित सिद्धान्तानुसार जवळजवळ अशक्य मानले जाई. एस. रामकृष्णन आणि त्यांच्या कुलाब्यातील सहकाऱ्यांनी बिस्मथचे अत्यंत शुद्ध एकस्फटिक घेतले आणि ते एका केल्विनच्या हजाराव्या भागाच्याही खाली नेले. ०.५३ मिलिकेल्विनला तो अतिसंवाहक झाला. ‘सायन्स’ ह्या साप्ताहिकात हा निबंध २०१७ च्या जानेवारीत छापला गेला. येथे शोध लागला तो शुद्धतेमुळे. कारण इतक्या नाजूक अवस्थेत चुंबकीय अशुद्धीचा लेशही तिला मोडून टाकील.

म्हणून एकाच शहरातील, एकाच संस्थेतील ह्या दोन शोधांतून शुद्धतेविषयी उलटसुलट धडे मिळतात. १९९३ मध्ये नमुन्यातील अनाहूत भाग हाच खरा विषय होता. २०१६ च्या सुमारास अनाहूत काहीही नसणे ही पहिली अट होती. कोणत्या वेळी कोणती वाट घ्यायची, हे सांगणारा नियम नाही. दोन्ही वेळा संशोधकांनी एक गोष्ट मात्र सारखीच केली : मोजमापात जे दिसले, ते असायला हवे त्याच्याशी जुळत नाही म्हणून पुसून टाकले नाही.

पुढच्या वर्षी पाठचिकित्सेच्या तासाला तोच प्रश्न पुन्हा निघेल, तेव्हा राजवाड्यांच्या प्रतीबरोबर मी हे यिट्रियमचे उदाहरणही फळ्यावर लिहीन. विद्यार्थी प्रथम गोंधळतील, हे उघड आहे. त्यांच्यापैकी एखादीने किंवा एखाद्याने कांजूरमार्गला उतरून त्या आवारात जाऊन कोणाला काही विचारले, तर ह्या लेखाचा हेतू सफल झाला असे मी समजेन.